काळी एकची गोष्ट

परवा तिवस्याच्या बाजारात शाळेतली एक मैत्रीण भेटली, पंधरा-सोळा वर्षांनी, तिने हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली आणि गळ्यात पडली, मग लेकराबाळांची चौकशी झाली आणि मग विचारलं, "अन् गाणं? गाणं चालू हाय ना वं?" मी म्हटलं हो, घरी क्लास आहे, अधूनमधून आकाशवाणीचं रेकॉर्डिंग असतं, वर्षाला काही मैफली होतात, आणि नागपूरला एक वृंदगानाचा ग्रुप आहे त्यात गाते, महिन्यातून दोनदा जाते प्रॅक्टिसला. तर ती पटकन म्हणाली, "म्हंजे कोरसमधे? काऊन बाप्पा, एकटीचं नाई जमलं का?"

तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं, काळजीनेच विचारलं तिने. पण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, नातेवाईकांनी, कार्यक्रमवाल्यांनी, अगदी गाणाऱ्या लोकांनीसुद्धा, की आता एकदा नीट बसून लिहावंच म्हटलं. बाजारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही ते.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. मोझरी जवळच, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभा केला आणि आमच्या भागातल्या गावागावात श्री गुरुदेव सेवा मंडळ आणि रोजची सामुदायिक प्रार्थना रुजली. आमच्या गावात ती मी लहान असताना होती आणि अजूनही आहे. संध्याकाळी दिवेलागणीला मंदिरासमोर सतरंज्या पडायच्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, समोर पेटी आणि खंजिरी, प्रार्थना झाली की भजनं. माझ्या आयुष्यातलं पहिलं गाणं हे असं आहे. एकटीने गाणं हा प्रकार असतो हे मला बरंच उशिरा कळलं, तोपर्यंत गाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं असतं असंच मला वाटायचं, जसं जेवणाच्या पंगतीला सगळे बसतात तसं.

मग पाचवीत असताना मंडळातल्या एका काकांनी बाबांना सांगितलं की पोरीचा सूर पक्का आहे, हिला शिकवा. बाबा शेतकरी, चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर, त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं. दर रविवारी सायकलवर तिवसा, तिथून एसटीने अमरावती, गुरुजींकडे दोन तास आणि परत. माझा तास चालू असताना बाबा बाहेर ओट्यावर बसून राहायचे. एकदा गुरुजी तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत होते आणि मला म्हणाले, बघ, ही जवारी, ही नीट लागली की तार बोलते. बाबांनी बाहेरून ऐकलं असणार, कारण येताना एसटीत त्यांनी विचारलं, "ज्वारी म्हंजे आपली ज्वारीच का?" मी नाही म्हटलं आणि दोरा, घोडी, तार, सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे तारेले फक्त टेकलं पाहिजे, दाबलं नाई पाहिजे." मी संगीत विशारद झाले, त्याच्या पुढच्या अलंकार परीक्षेची थिअरी रात्र रात्र जागून केली, पण जवारीचं याच्यापेक्षा चांगलं वर्णन मला अजून मिळालेलं नाही.

गुरुजी ग्वाल्हेर घराण्याचे. आधी भूप, मग यमन, मग भीमपलास, एकेक राग वर्ष-वर्ष. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकामागून एक दिल्या, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद. परीक्षेच्या निमित्ताने विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र पाठ केलं होतं, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं वगैरे, तेव्हा मार्कांपुरतं. पुढे लक्षात आलं की त्यांचेच शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थनेचं संगीत बघायचे, आश्रम भजनावलीचं काम त्यांचंच. म्हणजे रागदारीत मुरलेला गवई, आणि गाऊन घेतोय कोणाकडून तर सूत कातणाऱ्या, पाणी भरणाऱ्या लोकांकडून, रोज पहाटे आणि संध्याकाळी. मला हे फार मोठं काम वाटतं. नंतर इकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम झालं, १९३६ साली आपले तुकडोजी महाराजही तिथे मुक्कामाला होते. त्यामुळे शास्त्रीय गाणं वेगळं आणि समूहाचं गाणं वेगळं, एक वरचं एक खालचं, ही वाटणी नंतर आपणच कधीतरी करून टाकली असं माझं मत आहे.

आता करिअरचं बोलते, कारण क्लासमधल्या मुलींचे आईवडील तेच विचारतात.

आमच्यासारख्या गावातून शास्त्रीय गाण्याचं करिअर म्हणजे काय असतं, तर आधी आकाशवाणीची ऑडिशन. नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा बी ग्रेड मिळाली, त्या दिवशी बाबांनी गावात पेढे वाटले. बी म्हणजे सुरुवात, वर बी हाय, ए आणि टॉप. मग दिवाळी पहाट, गुरुपौर्णिमा, कोजागिरी, नवरात्र. त्यातही अर्ध्या ठिकाणी ख्यालाला वीस मिनिटं देतात आणि म्हणतात ताई मग अभंग घ्या दोन-चार. जून-जुलैत काहीच नसतं, पेरणीच्या दिवसांत मैफल कोण ठेवणार. मानधन कधी पाकिटात, कधी शाल-श्रीफळात. घर चालतं ते क्लासवर, आणि क्लास चालतो तो परीक्षांवर, हे सरळ सांगून टाकते म्हणजे कोणाची फसगत नको. डॉ. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म, नागपूरला वाढले, केवढा मोठा गवई, आज नागपुरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे, पण त्यांनीसुद्धा कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि गाणं नोकरी सांभाळून चालवलं. मी त्या सभागृहात पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले तेव्हा हेच आठवत होतं की हा माणूस दिवसभर आकडेमोड करून संध्याकाळी मारवा गात असेल तर मला तक्रार करायला जागा नाही.

आणि मी त्या स्टेजवर उभी होते ती वृंदगानात. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.

ग्रुपमधे गेले ते २००९ साली. खरं सांगायचं तर प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळतंय म्हणून गेले. मनात होतं की आपण विशारद, रेडिओ आर्टिस्ट, आपल्याला यात काय अवघड आहे. पहिल्याच तालमीत वीस जण गात असताना वृंदगान बसवणाऱ्या सरांनी हात वर करून गाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही छान गाताय, पण मला तुम्ही एकट्या ऐकू येताय." गुरुजींकडे दहा-बारा वर्षं मला हेच शिकवलं होतं, आवाज मोकळा लाव, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत गेला पाहिजे. आणि इथे तोच गुन्हा. परतीच्या एसटीत कोंढाळीपर्यंत मी रडत होते.

पण पुढच्या तालमीला गेले. सरांनी एक नियम सांगितला होता, डाव्या-उजव्या बाजूच्या दोघींचा आवाज तुम्हाला स्वतःच्या आवाजाएवढा ऐकू आला पाहिजे, नाही आला तर तुम्ही जास्त लावताय. ऐकायला किती साधं वाटतं. मला ते जमायला दोन वर्षं लागली. कारण रागदारीवाल्याचा कान सगळा आत असतो, तानपुरा आणि मी, बाकी जग नाही. इथे कान बाहेर काढून ठेवावा लागतो.

आणि किती बारीकसारीक गोष्टी असतात त्यात, बाहेरून कळतच नाहीत. लांब सूर धरायचा असेल तर श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचाच नाही, शेजारणीने घेतला की आपण धरून ठेवायचं आणि तिने सूर परत उचलला की मग आपण, गुपचूप, सूर उतरू न देता, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की हा सूर संपतच नाहीये. शब्दाच्या शेवटी 'त' किंवा 'ट' आला तर तो वीस जणांनी एका क्षणाला टाकायचा, नाहीतर तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखं तड तड तड होतं. मग 'आ'. आमचा वऱ्हाडी 'आ' पसरट, तोंडभर, पुण्याकडून आलेल्या एका ताईंचा उभा, एकीचा नाकातून, तीन वेगवेगळे 'आ' एकत्र लागले की सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं, आम्ही एक अख्खी दुपार फक्त 'आ' गात बसलोय. आणि सगळ्यात अवघड मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं. ख्याल गाणाऱ्या प्रत्येकाची मींड स्वतःची असते, कोणी आधी निघतं कोणी रेंगाळत जातं, तिथे ठरवावं लागायचं की गंधारावरून तिसऱ्या मात्रेला निघायचं आणि षड्जावर समेलाच, तालाच्या पहिल्या मात्रेलाच, पोचायचं. आधी मला हे गाण्याला दावणीला बांधल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस ती मींड वीस जणांची एकदम उतरली, जणू एकच माणूस उतरला, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

सर कधी कधी तीन सूर एकदम लावायला लावायचे, काही जण षड्ज, काही गंधार, काही पंचम, म्हणजे सा, ग, प. पश्चिमेकडच्या समूहगानातली ही पद्धत, तिकडे त्यांचे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे आवाजाप्रमाणे गट असतात. माझ्याकडे गंधार होता. मी पेटीवर तपासून पक्का करून लावला तरी सर म्हणायचे वर आहे, थोडा उतरवा. मला कळेना. मग घरी तानपुरा लावून नुसती बसले. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या, सगळ्यात खालच्या तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो, कोणी न छेडता, आणि तो पेटीतल्या गंधारापेक्षा जरासा खाली असतो. पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग खाली. पेटीवर अभ्यासकांचा राग होता तो यासाठीच, आकाशवाणीने तर १९४० मधे पेटी बंदच करून टाकली होती, थेट १९७१ पर्यंत. हे सगळं मी विशारदला लिहून मार्क मिळवले होते! पण तो गंधार कानाला पहिल्यांदा कळला तो कोरसमधे, कारण तिथे एका बाजूने षड्ज आणि दुसऱ्या बाजूने पंचम माझ्या अंगावर येत होते आणि माझा सूर मधे टोचत होता, आणि जिथे टोचणं थांबलं तिथे तो गंधार होता.

त्याच वर्षी गुरुपौर्णिमेला गुरुजींसमोर यमन गायले. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल. नेहमी मी घाईने भरत जायची, जागा रिकामी राहिली की भीती वाटायची. त्या दिवशी एक आवर्तन, तालाचा एक अख्खा फेरा, जवळजवळ पूर्ण सोडून दिलं, नुसता गंधार लावून तबला आणि तानपुरा ऐकत राहिले, मुखडा आला तेव्हा उचलला. गुरुजी कधी तोंडावर कौतुक करत नसत. गाणं झाल्यावर पान लावता लावता म्हणाले, "आता तू तानपुऱ्यात बसलीस." मी त्यांना सांगितलं की गुरुजी हे कोरसमुळे झालं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग सोडू नको ते."

इथे एक सांगायचंय. युरोपात समूहात गाणं ही पगारी नोकरी असू शकते. ऑपेरा हाउसचे स्वतःचे कोरस असतात, आणि लंडनचा बीबीसी सिंगर्स हा वृंद तर १९२४ पासून आहे. २०२३ च्या मार्चमधे बीबीसीने तो बंद करायचं जाहीर केलं आणि लोक, गाणारे, संगीतकार असे चवताळून उठले की त्याच महिन्यात तो निर्णय थांबवावा लागला. मी ती बातमी वाचत होते आणि मला वाटत होतं, कोरससाठी लोक भांडले! आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही, मुंबईत संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर काढला होता, आणि शाळाशाळांतून समूहगीतं अजून होतात. पण कोरसवाली म्हटलं की चेहरा पडतो लोकांचा. एका कार्यक्रमात पत्रिकेवर तबल्याचं नाव होतं, निवेदकाचं होतं, साउंडवाल्याचं होतं, आम्हा वीस जणांपैकी एकाचंही नव्हतं, लिहिलं होतं "आणि सहकलाकार". मी आयोजकांना फोन करून सांगितलं की वीस नावं छापायला अर्धा वीत कागद लागतो. पुढच्या वर्षी छापली.

आता मुख्य गोष्ट, काळी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीची.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझा आवाज बसायला लागला. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर, मग वरचा सूर लावला की आवाजाऐवजी नुसती हवा. घरचे म्हणाले धूळ असेल, थ्रेशरचा भुसा असेल. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफ, सगळं झालं. शेवटी अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कॅमेरा घालून स्क्रीनवर दाखवलं, स्वरयंत्राचे दोन पांढरे पडदे आणि दोन्हीच्या मधोमध समोरासमोर एक एक बारीक गाठ, तांदळाच्या कणीएवढी. माझे तर हातपाय गार पडले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, आधी आवाजाला विश्रांती आणि व्हॉइस थेरपी, बहुतेक वेळा त्याने उतरतात. कुजबुजायचं पण नाही म्हणाले, त्याने पण ताण येतो.

त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली ती मी कधी विसरणार नाही. हे दोन पडदे प्रत्येक कंपनाला एकमेकांवर आपटतात. माझा षड्ज काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा, म्हणून मी नुसता सा लावला तरी सेकंदाला सुमारे २०८ वेळा. एक सप्तक वर गेलं की दुप्पट. त्याच्या वर अतितार षड्जाला गेले तर ८३० वेळा, सेकंदाला. आणि जोर लावून गायलं की आपटणंही तेवढंच जोरात. "एवढं वर तुम्ही कुठे गाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं छे, ख्यालात मी तार पंचमाच्या वर जातच नाही, आणि वृंदगानात तर आवाज नेहमी राखूनच. मग कुठे?

घरी येताना एसटीत डोक्यात तेच चालू होतं. आणि मोझरी फाटा आला आणि एकदम लक्षात आलं. रोज संध्याकाळी!

आमच्या मंडळात पेटी काळी एकला लागते. कायमची. पुरुषांची पट्टी आहे ती, त्यांना सोयीची. बायांना तीच, एक सप्तक वरून. भजन अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, तार गंधाराला गेलं की तो माझ्या काळी चारच्या हिशेबाने तार धैवत होतो, आणि शेवटी रंगात आल्यावर कोणी पंचम लावला की तो थेट माझा अतितार षड्ज, तेच डॉक्टरांचे ८३०. आणि मी शिकलेली म्हणून बायांमधे पुढे बसायची, वरचा सूर मीच आधी उचलायची, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. आणि या पट्टीत तर मी सात वर्षांची असल्यापासून गातेय. गुरुजींकडे पट्टी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही आणि नागपूरच्या ग्रुपमधे नवीन गाणं आलं की सरांचा पहिला प्रश्न, हे कोणत्या पट्टीत सगळ्यांना झेपेल. आणि माझ्या स्वतःच्या गावात, जिथे मी गायला शिकले, तिथे हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

विश्रांतीच्या काळात मी प्रार्थनेला जायची, पण गायची नाही, मागे भिंतीला टेकून बसायची. तेव्हा पहिल्यांदा मी आमचं मंडळ ऐकलं. बघितलंही. अंतरा आला की बायांच्या गळ्याच्या शिरा ताणायच्या, भुवया वर, हनुवटी वर, अर्ध्या जणी आवाज सोडून नुसते ओठ हलवायच्या. शेजारच्या मावशी, साठी उलटलेल्या, शांत सुरात किती गोड आवाज त्यांचा, अंतऱ्याला त्या टाळी वाजवत बसायच्या. एवढी वर्षं मला वाटायचं त्यांना शब्द येत नसावेत.

कुमार गंधर्वांबद्दल वाचलं होतं, देवासला क्षयाने अंथरुणावर असताना गाणं बंद होतं पाच-सहा वर्षं, तेव्हा ते खिडकीतून येणारी माळव्यातली लोकगीतं ऐकत पडून असायचे आणि त्यांचं पुढचं गाणं त्यातून घडलं. त्या माणसाशी माझी बरोबरी नाही, पण गप्प बसलेल्याला जास्त ऐकू येतं एवढं मला त्या वर्षी कळलं. त्याच वर्षी पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीला गेले. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, आणि महोत्सवात बरोबर त्या वेळेला सगळे जण मौन पाळतात. लाखो माणसं. मी दरवर्षी जाते, पण यावेळी मी आधीपासूनच गप्प होते. खंजिरी थांबली, टाळ थांबले, कोणाचं तरी लेकरू रडत होतं ते पण थांबलं, आणि मला आमच्या सरांची तालीम आठवली, सुरू करण्याआधी सगळे मिळून श्वास घेतात तो क्षण. एवढ्या मोठ्या समूहाने धरलेला श्वास मी कुठल्याही सभागृहात ऐकलेला नाही.

चार महिन्यांनी गाठी उतरल्या. डॉक्टर म्हणाले गा आता, पण कारण शोधा नाहीतर परत येतील. कारण सापडलं होतं, सांगायचं कसं हा प्रश्न होता.

आमचे पेटीवाले दादाजी तेव्हा सत्याहत्तरचे. त्यांच्या पेटीवर मी बोबडं बोलत असल्यापासून गायलेय. मी एक दिवस घाबरत घाबरत म्हटलं, दादाजी, पेटी काळी पाचला घेता येईल का, म्हणजे काळी एकवरून तीनच पट्ट्या खाली, पांढरी एक, पांढरी सात, मग काळी पाच. त्यात बायांना अंतरा झेपतो आणि पुरुषांना षड्ज थोडा खाली वाटतो पण जमतो. वृंदगानात आम्ही असंच करतो.

दादाजी माझ्याकडे बघत राहिले. "पन्नास वर्षं झाले बाई मी काळी एकलेच वाजवून राहिलो. बोटं दुसरीकडं जातच नाईत." बाकी काही पुरुष मंडळीही बोलली, भजन खाली आलं की जोर जाते, महाराजांच्या भजनाले जोर पाहिजे. एक जण म्हणाला, "ताईच्या गळ्यासाठी सगळ्या गावानं पट्टी बदलायची का?" मला ते लागलं. पण त्यावर मी काही बोलायच्या आत मागून मावशींचा आवाज आला, त्याच टाळी वाजवणाऱ्या. "तिच्या गळ्यासाठी नाई. मले अंतरा म्हणाचा हाय. चाळीस वर्षं झाले, म्या अंतरा नाई म्हटला."

कोणीच काही बोललं नाही. दादाजींनी पेटीचा भाता बंद केला, वर कापड टाकलं आणि घरी गेले.

कोणीतरी स्केल चेंजर पेटी घ्यायची सूचना केली, म्हणजे बोटं तिथेच राहतात आणि पट्टी खालून सरकवता येते, पण त्याचा खर्च ऐकून विषय मागे पडला. मीही परत काढला नाही. मोठ्या माणसाला किती वेळा म्हणायचं. प्रार्थना तशीच चालू राहिली, मी मागे बसून मधल्या सुरात जेवढं येईल तेवढं गायची, वरचं सोडून द्यायची, मावशींसारखी टाळी वाजवायची.

मग तुरी काढायच्या दिवसांत दादाजींची सून विहिरीवर भेटली. म्हणाली, "ताई, आमच्या मामाजीले काय सांगितलं तुम्ही? रोज दुपारी जेवण झालं की दार लावून पेटी वाजवून राहिले. तेच ते गाणं. चुकते, थांबते, पुन्हा. लेकरं हसतेत तं रागावतेत."

मी कोणाला काही बोलले नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी प्रार्थना नेहमीसारखी झाली, मग पहिल्या भजनाला दादाजींनी भाता ओढला आणि उजव्या हाताचं बोट पट्ट्यांवरून सावकाश नेत नेत काळी पाचवर ठेवलं. दाबायच्या आधी एकदा त्या बोटाकडे बघितलं. मग सूर आला. पुरुषांच्या बाजूला थोडी चुळबूळ झाली, कोणीतरी घसा खाकरला, आणि ध्रुवपद सुरू झालं, थोडं भारी, थोडं खालून, जमिनीतून आल्यासारखं. दादाजींची बोटं दोन-तीनदा चुकली, खंजिरीवाल्याने सांभाळून घेतलं. मी पुढे नव्हते बसले, मावशींच्या शेजारीच होते, आणि सरांचा नियम पाळत होते, शेजारणीचा आवाज आपल्या आवाजाएवढा ऐकू आला पाहिजे.

अंतरा आला. मावशींनी टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी माझा आवाज कमी केला, अजून कमी केला, कारण मला तो ऐकायचा होता.

शब्द सगळे येत होते त्यांना.